उभ्या गाडीतली वीज कोण पितं?

वाचकाचं पत्र :

“आमची कॅम्पर व्हॅन वर्षातले पाच महिने पत्र्याच्या शेडखाली उभी असते. इंजिनाची बॅटरी साधी, पाणी घालायची. आतले दिवे, पंप, फ्रिज यांच्यासाठी वेगळी १०० एएचची (अँपिअर-तासांची) एजीएम, म्हणजे पाणी न घालायची बंद बॅटरी. यंदा गाडी बाहेर काढायला गेलो तर सेल्फने नुसतं ‘टक्’ केलं आणि आतले दिवेही लागेनात. एजीएमला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत, आधीचीही अशीच गेली होती. मी निष्काळजी माणूस नाही हो. पॅनलवरचा मेन खटका बंद करून ठेवतो. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, फक्त शेवटचे सहा रविवार घरातल्या आजारपणामुळे जमलं नाही. छतावर सोलरही आहे. बॅटरीवाला म्हणतो, लिथियम टाका, कटकट संपेल. भावोजी म्हणतात, शेडमधल्या प्लगला गाडी जोडा आणि विसरून जा. मला महिनोन्‌महिने चार्जर चालू ठेवायची भीती वाटते. काय करू?

ता. क. बॅटरी काढून ठेवायची झाली तर ती सिमेंटच्या फरशीवर ठेवू नये म्हणतात, ते खरं का?”

स. न. वि. वि.

आधी ते सहा रविवार मनातून काढून टाका. ते चुकले नसते तरी फार तर सेल्फने एखादा घरघराट केला असता, एवढंच. दर रविवारी इंजिन चालू करणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

हिशेबच मांडून बघू. गाडी बंद असतानाही अलार्म, घड्याळ, रेडिओची मेमरी, किल्लीच्या रिमोटची वाट बघत बसलेलं लॉक असं काहीबाही थोडी थोडी वीज घेतच असतं. हे सगळं मिळून ५० मिलिअँपिअर धरा, बऱ्याच गाड्यांत एवढं असतंच. दिवसाला १.२ एएच, आठवड्याला ८.४ एएच. आता तुमचा रविवार. रिकामं इंजिन जागेवर फिरत असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर काही जोरात चालत नाही. तरी उदार होऊन बॅटरीत १० अँपिअर जातात असं मानलं, तर दहा मिनिटांत जेमतेम १.७ एएच आत गेले. त्यातून सेल्फ मारायला गेलेली वीज वजा करा. आठवड्याला आठ जातात, दीड येतात. वर इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. आणि शेड जर तिन्ही बाजूंनी बंद असेल तर कृपा करून हा उद्योग आजपासून बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

बरं, ही दीड एएचची भीक तरी आतल्या एजीएमपर्यंत पोचत होती का? अनेक गाड्यांत मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका, इंजिन चालू झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या जोडतो, पण दहा मिनिटांत वाटणी करायला होतंच काय!

आता बॅटरी मरते कशाने, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शिशाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली. तुमची एजीएम दिसायला कितीही आधुनिक असली तरी तिचा स्वभाव तोच आहे. वीज बाहेर जाते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून परत जातं. पण बॅटरी अर्धवट उतरलेली तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्या मऊ थराचे टणक खडे होतात आणि मग चार्जरने कितीही डोकं आपटलं तरी ते सुटत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा गेला. म्हणजे गाडी उभी राहिल्याने बॅटरी मेली नाही, ती उपाशी उभी राहिल्याने मेली. भरलेली, तारा सोडलेली एजीएम पाच महिने नुसती ठेवली असती तर ती जवळजवळ जशीच्या तशी मिळाली असती. तिची आपोआप उतरण्याची गती महिन्याला एक ते तीन टक्के. साध्या पाण्याच्या बॅटरीची जास्त, पाच टक्के धरून चाला. उन्हाळ्यात पत्र्याखाली आणखी जास्त, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गती साधारण दुप्पट होते.

तेव्हा पाच महिन्यांत एजीएम पार झोपली याचा अर्थ गाडीत कुणीतरी तिला पीत बसलंय. तुम्ही म्हणाल, पण मेन खटका तर बंद होता! इथेच मीही फसलो होतो. पहिली व्हॅन घेतली त्या वर्षी पॅनलवरचा खटका बंद करून, शहाण्यासारखी पडदे ओढून गाडी लावली. दोन महिन्यांनी उघडली तर बॅटरी ९ व्होल्टवर. दिवे बंद, पंप बंद, काहीच चालू नाही. चरफडत टॉर्च विझवला आणि अंधारात बसलो, तेव्हा पलंगाच्या खाली जमिनीलगत टाचणीच्या डोक्याएवढा एक हिरवा ठिपका दिसला. गॅस गळतीचा अलार्म. तो थेट बॅटरीवर जोडलेला होता, खटक्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. नंतर मोजलं तर तो ६० मिलिअँपिअर घेत होता. दिवसाला १.४४, साठ दिवसांत ८६ एएच. १०० एएचच्या बॅटरीतून! माझ्या जिवाची काळजी करणाऱ्या त्या बिचाऱ्यावर रागावता तरी कसं येणार?

पॅनलवरचा खटका बहुतेक वेळा फक्त दिवे आणि पंप तोडतो. गॅस अलार्म, पायरीची मोटर, फ्रिजचं कंट्रोल कार्ड, ट्रॅकर, नंतर कुणीतरी बसवून दिलेलं यूएसबी सॉकेट, ही मंडळी बहुधा खटक्याला वळसा घालून गेलेली असतात. आणि इन्व्हर्टर असेल तर तो सगळ्यांचा म्होरक्या. मागे काहीही जोडलेलं नसताना नुसता चालू राहिलेला इन्व्हर्टर अर्धा-एक अँपिअर सहज खातो. रोजचे बारा ते चोवीस एएच. चार-आठ दिवसांत बॅटरी रिकामी.

तुमच्याकडचा कोण आहे ते असं शोधा. मल्टिमीटर घ्या, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, डायल डीसी अँपिअरवर. गाडीतलं सगळं बंद, दारं लावलेली, किल्ली लांब. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरची वायर काढा आणि मीटरचं एक टोक त्या वायरला, दुसरं मोकळ्या टर्मिनलला लावा. आता सगळा प्रवाह मीटरमधून जातोय. लगेच आकडा वाचून घाबरू नका; वायर सोडून परत जोडली की गाडीतले कंट्रोलर जागे होतात आणि पुन्हा झोपायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त घेतात. तोवर दुसरं काम करा. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, इन्व्हर्टर चालू करू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर. आकडा स्थिरावला की एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल, त्या वायरीच्या शेवटी चोर बसलेला आहे. इंजिनाच्या बॅटरीवर ५० मिलिअँपिअरपर्यंत आकडा आला तर ते चालायचंच. आतल्या बॅटरीवर मात्र गाडी लावून ठेवताना आकडा शून्यच हवा.

शून्य करायचा सोपा मार्ग म्हणजे बॅटरीच्या अगदी तोंडाशी, निगेटिव्ह वायरवर, एक जाडजूड बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घेणं. फिरवला की सगळं तुटलं, वळसा घालून जाणारेसुद्धा, फक्त बसवताना एकही बारीक वायर थेट टर्मिनलवर राहिली नाही ना, ते बघून घ्या. पैसे खर्चायचे नसतील तर पाना घ्या आणि वायर काढा. आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना ती शेवटी. हे शास्त्र म्हणून पाठ करू नका, कारण समजून घ्या. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर पूर्ण बॅटरीचा शॉर्ट त्या पान्यातून होतो. माझ्या दहाच्या पान्याच्या टोकाला अजून तो वितळलेला खड्डा आहे. बोट वाचलं.

सोलरचं एक पथ्य मध्येच सांगून टाकतो. सोलर कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बेताने बॅटरीत सोडणारा डबा, चालू असताना त्याच्याखालून बॅटरी काढली तर काही कंट्रोलर बिघडतात. म्हणून सोडताना आधी पॅनल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. आणि तुमच्या सोलरबद्दल आणखी काय बोलायचं! पत्र्याखाली उभ्या गाडीच्या छतावरचं पॅनल म्हणजे कपाटात ठेवलेली छत्री. उलट कंट्रोलर स्वतः जागा राहण्यासाठी थोडी वीज बॅटरीतूनच घेतो. गाडी उघड्यावर, झाडाच्या सावलीबाहेर राहणार असती तर मी म्हटलं असतं, बाकी काही करू नका, पॅनल पुसत राहा. त्यातही ते पॅनल बहुतेक वेळा फक्त आतली बॅटरी भरतं, इंजिनाची नाही, हे लक्षात ठेवावं लागतं.

आता भावोजी. मुद्द्याचं अर्धं त्यांचं बरोबर आहे. तुमची भीती जुन्या काळच्या चार्जरची आहे, आणि त्या काळी ती रास्तच होती. ते डबे डोळे मिटून वीज कोंबत राहायचे, पाणी उकळून उडून जायचं, प्लेटा उघड्या पडायच्या. आजचा स्मार्ट चार्जर आधी जोरात भरतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून शेवटचे वीस टक्के सावकाश मुरवतो, आणि भरलं की १३.५-१३.८ पर्यंत खाली येऊन नुसता हात धरून उभा राहतो. हे मुरवणं तासन्‌तास चालतं, म्हणून तर दहा मिनिटांच्या इंजिनाने ते कधीच होत नाही. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर एजीएमवर ठेवा. असा चार्जर पाच महिने चालू राहिला तरी एजीएमचं काही बिघडत नाही.

पण ‘विसरून जा’ हे मला पटत नाही. दिवे जातात. परत आले की काही चार्जर आपणहून सुरू होत नाहीत, कुणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतात, आणि काही तर तेवढ्या काळात बॅटरीतूनच चिमूटभर घेत राहतात. भावोजी विसरलेले, चार्जर थांबलेला, बॅटरी उतरतेय, असा त्रिवेणी संगम मी पाहिलेला आहे. माझी स्वतःची पद्धत वेगळी आहे. गाडी लावायच्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरायची, म्हणजे चार्जर शेवटच्या टप्प्यावर गेल्यानंतरही आणखी काही तास तसाच ठेवायचा. मग कट-ऑफ फिरवायचा. महिन्यातून एकदा जायचं, चोवीस तास चार्जर लावायचा, परत तोडायचं. तुमचे महिन्याचे चार रविवार वाचले, एकच द्या. जाणं जमणार नसेल तर मात्र भावोजींचं ऐका.

प्लगला गाडी जोडण्याआधी एक गोष्ट तपासायची राहिली, नाहीतर प्लग लावूनही सेल्फचं ‘टक्’ तसंच राहील. व्हॅनमध्ये बसवलेला चार्जर पुष्कळदा फक्त आतल्या बॅटरीला वीज देतो. इंजिनाची बॅटरी बिचारी शेजारी उपाशी. प्लग लावा, चार्जर चालू करा आणि मीटरने इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्ट बघा. १३ च्या वर चढले तर तिलाही मिळतंय. १२.५ वर ढिम्म असतील तर नाही मिळत. मग तिच्यासाठी एक-दोन अँपिअरचा छोटा वेगळा चार्जर लावा. तिची वायर काढून ठेवणंही चालतं, पण मग चोरीचा अलार्म आणि सेंट्रल लॉकही झोपतात. कोणतं दार साध्या किल्लीने उघडतं हे आधी पाहून ठेवा, आणि किल्ली आत ठेवून दार लोटू नका. त्या बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वर येऊन ॲसिड बाहेर येतं. प्लेटा मात्र उघड्या दिसत असतील तर त्या बुडण्यापुरतं आधीच घाला. चार्जिंग करताना जवळ ठिणगी, काडी, सिगारेट नको. हायड्रोजन निघतो. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

मीटर घेतलाच आहे तर चार आकडे ध्यानात ठेवा. चार्जर काढून काही तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम, आणि मग मोजायचं. लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो. १२.७ किंवा वर म्हणजे भरलेली, एजीएम १२.८-१२.९ सुद्धा दाखवते. १२.४ आला की चार्जरला लावायची वेळ झाली. १२.१-१२.२ म्हणजे निम्मी संपली. ११.८ म्हणजे तळ दिसला. बघा, भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम एका व्होल्टचं अंतर. म्हणून पॅनलवरच्या तीन हिरव्या-पिवळ्या दिव्यांवर भिस्त ठेवू नये.

आत्ता ज्या झोपल्या आहेत त्यांचं काय? लगेच भंगारात घालू नका, फार आशाही धरू नका. १०० एएचच्या बॅटरीला १० अँपिअरच्या आत सावकाश चार्ज द्या. फार खाली गेलेली बॅटरी काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत. तेव्हा ते काम माहीतगार बॅटरीवाल्याकडे द्या, जंपर केबलची जुगाडं करू नका. चार्ज होताना बॅटरी हाताला चांगली गरम लागली, फुगली, किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जरचा प्लग काढा, दार उघडा, बाहेर या. ती गेली. तसं काही झालं नाही तर चार्ज पुरा करून एक दिवस नुसती ठेवा. दुसऱ्या दिवशी आकडा १२.४ च्या खाली घसरला असेल तर तिचा निरोप घ्या. १२.७ टिकला तरी परीक्षा संपली नाही, कारण सल्फेट चढलेली बॅटरी व्होल्ट नीट दाखवते आणि साठा मात्र अर्धाच असतो. ६० वॅटचा बारा व्होल्टचा दिवा लावून ठेवा, तो ५ अँपिअर घेतो. धडधाकट १०० एएचची बॅटरी दहा तासांनीही १२ च्या आसपास असते. चार तासांतच ११ च्या घरात गेली तर एका रात्रीच्या दिव्यांपुरतीही ती राहिलेली नाही. इंजिनाच्या बॅटरीची परीक्षा सेल्फच घेतो. सेल्फ फिरताना मीटर ९.६ च्या खाली कोसळू नये. वर्तमानपत्रात लपेटून येणाऱ्या जादूच्या पावडरी आणि ‘बॅटरी पुन्हा नवी करा’ छाप यंत्रं यांवर माझा विश्वास नाही.

आणि लिथियम. वस्तू चांगलीच आहे, हलकी आहे, अर्धवट भरलेली राहिली तरी तिला सल्फेटचा रोग नाही. उलट तिला साठवताना निम्मी-साठ टक्के भरलेलीच ठेवायची असते, काठोकाठ भरून महिनोन्‌महिने चार्जरवर टांगून ठेवायची नसते. पण त्या गॅस अलार्मला किंवा जो कुणी चोर निघेल त्याला बॅटरी शिशाची की लिथियमची याच्याशी काय देणंघेणं? तो हीसुद्धा पिऊन टाकेल. मग आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, संरक्षणासाठी बॅटरी तोडेल, आणि उरलीसुरली वीज स्वतःच खात बसेल. त्या अवस्थेत महिने गेले तर महागडी बॅटरी कायमची जाऊ शकते. शिवाय लिथियमला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं, आणि तुमचा सोलर कंट्रोलर, चार्जर, अल्टरनेटरची जोडणी हे सगळं तिला मानवेल असं आहे का, तेही बघावं लागेल. इंजिनाची बॅटरी तर तशीही शिशाचीच राहणार. तेव्हा आधी चोर पकडा. बॅटरीवाल्याला म्हणावं, पुढच्या वर्षी बोलू.

गाडी कडाक्याच्या थंडीत उभी राहत असेल तर एक गोष्ट जास्तीची. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० च्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही, उतरलेल्या बॅटरीतलं मात्र उणे ७ ते १० अंशांतच गोठतं आणि डबा तडकतो. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा नाही.

तुमच्या ता. क.चं उत्तर. सिमेंटच्या फरशीची गोष्ट आजोबांच्या काळची आहे. तेव्हा बॅटरीचे डबे लाकडाचे, कडक रबराचे असायचे, ओल आणि ॲसिड झिरपून फरशीवाटे वीज गळायची. आजच्या प्लास्टिकच्या डब्यातून काही गळत नाही. खुशाल फरशीवर ठेवा. फरशी बॅटरीला काही करणार नाही, पण १०० एएचची एजीएम तीस किलोच्या आसपास भरते आणि पलंगाखालच्या कप्प्यातून ती वाकूनच काढावी लागते. त्या दिवशी भावोजींना बोलवा.